पूर्वेला पाऊस नसतो

उत्कर्षाची अट एकच होती. पाऊस नको. समुद्र कुठलाही चालेल, बेट कुठलंही चालेल, जेवणात रोज मासा आला तर ती लोणचं-भातावर दिवस काढेल, पण आभाळातून थेंब पडता कामा नये. वाळू कोरडी हवी, त्या वाळूवर तिला उन्हात आडवं पडायचं होतं आणि तिला कुणी उठवायचं नव्हतं. बाकी काही मागणं नाही.

आता ही अट घालणारी बाई नांदे गावात राहते, हे आधी लक्षात घ्या. जालन्याकडची, कोरड्या मुलखातली मुलगी लग्न होऊन मुळशी तालुक्यात आली आणि दर जूनला दिवाणखान्यात दोऱ्या बांधू लागली. सोसायटीचं नाव मेघमल्हार रेसिडेन्सी. बिल्डरने गंमत म्हणून ठेवलं असेल, पण आभाळाने ते फार मनावर घेतलं. पावसाळ्यात सोनटक्क्यांच्या घरात पंख्याखाली दोऱ्या, दोऱ्यांवर कपडे, आणि कपड्यांखाली बसून तिचा नवरा ऋषिकेश सोनटक्के अमेरिकेशी मीटिंग करतोय, लेक जुईलीचा शाळेचा मोजा त्याच्या टाळूवर ठिबकतोय, हे दृश्य तिकडच्या बँकेच्या मोठमोठ्या साहेबांनीही पाहिलेलं आहे. पट्ट्याला बुरशी, पापडांना बुरशी. लग्नाच्या अल्बमलासुद्धा लागली आणि त्यात पहिल्यांदा नवरदेवाचाच चेहरा गेला.

‘तुला समुद्र दाखवतो’ हे ऋषिकेशने लग्न ठरलं तेव्हा कबूल केलं होतं. पण दरवर्षी काही ना काही निघायचं आणि शेवटी तो म्हणायचा, “सध्या सीझन बरोबर नाही.” या वर्षी उत्कर्षाने भाजी निवडता निवडता, मान वर न करता सांगितलं, “अहो, हे शेवटचं विचारतेय. या वर्षी कोरडा समुद्र दाखवला नाहीत, तर पुढच्या वेळी तुम्हाला विचारणार नाही. माझी मी जाईन.”

ती ओरडली असती तर ऋषिकेश घाबरला नसता. पण ती शांतपणे बोलली आणि परत मेथीकडे वळली.

तसा तो गडी साधा नव्हता. हिंजवडीत त्याचं पोट प्लॅनिंगवरच चालायचं. कुठलं काम कधी सुरू होणार, कधी संपणार, मध्ये काय आडवं येणार, हे तो रंगीत पट्ट्यांत मांडून दाखवायचा. त्यातली कामं वेळेत संपायची नाहीत ही गोष्ट वेगळी. तो दोष टीमचा. प्लॅन चोख असायचा, याबद्दल निदान त्याच्या तरी मनात शंका नव्हती. अशा माणसाने एका बेटाचा एक कोरडा आठवडा शोधायचा, यात अवघड ते काय? पण इथे त्याने घोडचूक केली. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, “बेटावर जायचं आहे. कुठलं बेट, कुठला महिना?”

ज्या ग्रुपवर ‘टँकर आला का’ या प्रश्नाला दिवस दिवस उत्तर मिळत नाही, तिथे सल्ल्यांचा पूर आला. सकाळी चहाच्या आधी चेअरमन एकनाथकाका स्वतः दारात. काका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठल्याही गोष्टीला ‘नाही’ कसं म्हणायचं याचा दांडगा अनुभव.

“अंदमानला जाऊ नकोस,” काकांनी सोफ्यावरचा ओला टॉवेल बाजूला करत निकाल दिला. “तिकडे दोन पावसाळे असतात. एक जातो, दुसरा येतो. मधे एक फट असते.”

“मग त्या फटीत जाऊ की, काका.”

“आम्ही फटीतच गेलो होतो. त्या वर्षी फट भरली होती.”

कुणी म्हणालं बाली, तर लगेच दुसऱ्या विंगमधून कुणीतरी जानेवारीत बालीला जाऊन खोलीत पत्ते खेळून आलेलं निघालं. लक्षद्वीप म्हणावं, तर परवानग्यांच्या कहाण्या. प्रत्येक बेटावर भिजून आलेला एक तरी माणूस त्या सोसायटीत हजर होता. कोरडा परत आलेला माणूस सल्ला द्यायला येत नाही, तो गप फोटो टाकून मोकळा होतो, हे काही ऋषिकेशच्या ध्यानात आलं नाही. तो वैतागला. घरात जो तो येऊन चहा पिऊन जात होता आणि जगातलं एकेक बेट बुडवत होता.

अशात गाठ पडली हैबतरावांची. हैबतराव डोंगराकडच्या माले गावचे. आख्खी सोसायटी त्यांच्याकडून वर्षाचा इंद्रायणी तांदूळ भरते, त्यामुळे गेटजवळच्या बाकावर त्यांचा शब्द चालतो. पांढरी टोपी, पांढरी मिशी, आणि विषय कुठलाही असो, त्यांचं मत तयार. ऋषिकेशने तांदळाचं पोतं डिकीत टाकता टाकता आपलं दुखणं सांगितलं.

“आवो सायेब, ह्यात इचार कसला करायचा?” हैबतराव म्हणाले. “पाऊस येतोय कुटनं? म्हावळतीकडनं. येतोय आन् डोंगरावर आदळतोय. जे काय पानी हाय ते सगळं हितं आमच्या डोसक्यावर वततोय. डोंगर वलांडला की मग संपला त्येचा जोर. आमच्या माल्यात धो धो, पौडात त्येच्याहून कमी, पुन्यात नुस्ती झिमझिम, आन् म्होरं दौंडाला जावा, धुरळा! म्हंजी काय? डोंगराच्या उगवतीला जायचं. तितं पाऊस न्हाई म्हंजी न्हाई.”

ऋषिकेशच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रोज हिंजवडीकडे जाताना मागे काळंकुट्ट आणि पुढे पांढरं आभाळ त्याने किती वेळा पाहिलं होतं! मुळशीत राहणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. इथल्या बायका लग्नाची कार्यालयंसुद्धा याच हिशोबाने ठरवतात. म्हणजे मधोमध डोंगर असलेलं बेट शोधायचं आणि पूर्वेच्या किनाऱ्यावर उतरायचं. असं बेट समोरच होतं, श्रीलंका! त्याने रात्री इंटरनेटवर पाहिलं. जुलैत श्रीलंकेच्या पश्चिमेला धुवांधार पाऊस आणि पूर्वेला, त्रिंकोमालीच्या बाजूला, लखलखीत ऊन. हैबतरावांचं म्हणणं अक्षरशः खरं! ऋषिकेशने या शोधाला ‘मुळशी सूत्र’ असं नाव दिलं आणि दुसऱ्या दिवशी टीव्हीवर लॅपटॉप जोडून घरच्यांपुढे ते मांडलं. डोंगर हिरवा, पाऊस निळा आणि शेवटच्या चित्रात पिवळ्या वाळूवर आडवी पडलेली एक बाई.

“ही मी का?” उत्कर्षाने विचारलं.

“तूच. जुलैत.”

तिने त्या चित्राकडे असं काही पाहिलं, की ऋषिकेशला वाटलं आपण बँकेला नाही, पण बायकोला एक तारीख खरी करून दाखवणार. वरच्या मजल्यावरची आसमा अत्तार तेव्हा तिथेच होती. उत्कर्षा आणि ती सकाळी बरोबर फिरायला जात, म्हणजे जुईलीच्या भाषेत ‘आयांची मीटिंग’. आसमाच्या सासरचं पौडच्या बाजारपेठेत ताडपत्री-छत्र्यांचं दुकान. “जा बाई, जा,” ती उत्कर्षाला म्हणाली. “जुलैत आमच्या दुकानात उभं राहायला जागा नसते, नाहीतर मीही आले असते.”

त्रिंकोमालीजवळ समुद्राला लागून सेल्वराजा नावाच्या गृहस्थांचं छोटं हॉटेल होतं. फोनवर मोठा गोड माणूस. चार शब्द हिंदी, बाकी इंग्रजी. “जुलै? या, या साहेब, फार छान,” म्हणाले. तारीख बदलली तरी चालेल, फक्त बुकिंग रद्द करता येणार नाही, एवढं त्यांनी सांगून ठेवलं. ऋषिकेश हसला. तारीख कशाला बदलतेय?

तर उत्कर्षाकडे पासपोर्ट नव्हता.

पासपोर्टचं सगळं झालं, फक्त पोलिसांची चौकशी राहिली. ऋषिकेश जवळच्या चौकीत गेला. ते म्हणाले, ही सोसायटी आमच्याकडे नाही, पलीकडे विचारा. पलीकडच्यांनी नकाशा काढला, त्यावर बोट फिरवलं आणि सांगितलं, “तुमचं गेट आमच्या हद्दीत आहे, पण तुमची बिल्डिंग त्यांच्या.”

“मग मी राहतो कुठे?” ऋषिकेशने विचारलं. कर भरणाऱ्या, गाडीला सोसायटीचा स्टिकर लावणाऱ्या माणसाला हा प्रश्न स्वतःहून विचारावा लागावा!

“झोपता कुठे?”

“बिल्डिंगमध्ये.”

“मग त्यांच्याकडे.”

असं करत करत शेवटी एक हवालदार घरी आले, ते नेमके घरातले सगळे बाहेर गेलेले असताना. त्यांनी खाली बसलेल्या एकनाथकाकांना विचारलं, “सोनटक्के इथेच राहतात का?” आता यावर माणूस ‘हो’ म्हणेल की नाही? पण काकांची सगळी हयात खात्यात गेलेली. ते म्हणाले, “राहतात असं म्हणायला हरकत नाही. पण सोसायटीच्या मीटिंगला आम्ही त्यांना कधी पाहिलेलं नाही.” हवालदारांनी शेरा मारला, ‘आढळले नाहीत.’ झालं! पुन्हा पहिल्यापासून सगळं. उत्कर्षाचा पासपोर्ट हातात आला तेव्हा जुलै कधीच वाहून गेला होता.

“काका, तुम्ही असं का सांगितलंत?” ऋषिकेश कळवळून म्हणाला.

“मी खोटं बोललो का?” काका उलट त्याच्यावर चिडले.

मग सुरू झाली ढकलाढकल. ऑगस्टात बघावं तर गौरी-गणपती. त्यानंतरचा आठवडा ऋषिकेशने धरला, तर हिंगोलीहून आईचा, अनसूयाबाईंचा फोन. “पितरांच्या पंधरवड्यात समुद्र वलांडतो का रे बाबा? तुझ्या बापाला घास ठेवायचा सोडून लंकेला निघालास? लंकेला!” त्यातला दुसरा ‘लंकेला’ असा काही आला, की ऋषिकेशला आपल्याला दहा तोंडं फुटल्यासारखं वाटलं. पुढे नवरात्र, घरात घट. मग जुईलीची सहामाही. मग दिवाळी, भाऊबीज, आणि नोव्हेंबरात बँकेचं मोठं काम, ज्याचा रंगीत पट्टा सालाबादप्रमाणे लांबला होता. दर वेळी ऋषिकेश सेल्वराजांना फोन करायचा, दर वेळी ते तारीख बदलून द्यायचे. हॉटेल तेच. जागा तीच. एवढी कष्टाने शोधलेली जागा, ती कशाला बदलायची?

अखेर नाताळची सुट्टी उरली. शाळा बंद, अमेरिका बंद. “डिसेंबर!” ऋषिकेशने जाहीर केलं आणि आश्चर्य म्हणजे मेघमल्हारच्या इतिहासात पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं. डिसेंबर म्हणजे उत्तम. डिसेंबर म्हणजे प्रश्नच नाही. एकनाथकाकांनीसुद्धा ‘नाही’ म्हटलं नाही. हैबतराव तर गेटवर खदाखदा हसले. “डिसेंबरात पाऊस? भाताची मळणी उरकून कनग्या भरल्या, आता पाऊस कुटला? काय तरीच इचारता सायेब!”

एकटी उत्कर्षा तेवढी बेचैन होती. “अहो, पण तिथे नक्की नसतो ना? परत एकदा बघा की.”

“अगं, डिसेंबर आहे!” ऋषिकेश म्हणाला. “जुलैत जिथे पाऊस नसतो तिथे डिसेंबरात कुठून येईल? जुलैत पौड कोरडं असतं असं धर, तर मग डिसेंबरात पौडला पूर येईल का?” या युक्तिवादात कुठे खोट आहे ते त्या घरात कुणालाच सापडलं नाही. उत्कर्षालाही नाही. मुळशीत वाढलेल्या जुईलीला तर ते इतकं उघड वाटलं की ती गाणं लावून आत निघून गेली.

सेल्वराजांना शेवटचा फोन केला तेव्हा मात्र त्यांनी महिना पुन्हा पुन्हा विचारून घेतला.

“डिसेंबर?” ते म्हणाले. “पक्का, साहेब?”

“पक्का.”

“खरंच पक्का? विचार केलाय?”

आता बघा, माणसाच्या स्वाभिमानाला कुठे धक्का लागेल सांगता येत नाही. ज्याने सातासमुद्रापलीकडच्या बँकेला तारखा दिल्या, त्याला एक हॉटेलवाला विचारतो विचार केलाय का! “शंभर टक्के पक्का,” ऋषिकेशने ताठ आवाजात सांगितलं. सेल्वराजा म्हणाले बरं, काही हरकत नाही, खोल्या सगळ्याच रिकाम्या आहेत. फोन ठेवून ऋषिकेश बायकोला म्हणाला, “बघ, गर्दीसुद्धा नाही!”

निघायच्या आदल्या दिवशी आसमाने दुकानातून तीन रेनकोट आणून दिले. “असू देत बॅगेत. समुद्राच्या कडेला सांगता येत नाही.” ती घरी गेल्यावर ऋषिकेशने ते बाहेर काढून ठेवले. उत्कर्षाने परत आत ठेवले. त्याने परत बाहेर काढले. “हा माझ्या प्लॅनिंगचा अपमान आहे,” तो म्हणाला. उत्कर्षाने मग नाद सोडला. एवढं सांगायला हवं, की ती त्या रात्री खूश होती. नवीन घेतलेली टोपी घालून आरशासमोर उभी राहिली होती, आणि झोपताना ती टोपी तिने पर्सच्या वर ठेवली.

श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावर विमान उतरलं आणि बाहेर ऊन! असं तुकतुकीत, पिवळंजर्द ऊन की उत्कर्षाने टोपी तिथेच घातली. गोरे लोक अर्ध्या चड्ड्यांत दक्षिणेच्या किनाऱ्याकडे निघाले होते. ऋषिकेशने खांदे मागे घेतले. घरचं कार्य निर्विघ्न पार पडल्यावर यजमान जसा मांडवात उभा राहतो, तसा तो गाड्यांच्या रांगेत उभा राहिला.

“त्रिंकोमाली,” त्याने ड्रायव्हरला सांगितलं.

“आत्ता?” ड्रायव्हर म्हणाला. मग त्याने बॅगांकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं आणि डिकी उघडली.

रस्ता लांबचा. सुरुवातीला नारळ, उन्हं, रस्त्याकडेला अननसवाले. ऋषिकेश जुईलीला सूत्र समजावत होता. “हे बघ, डोंगर आपल्या उजव्या हाताला राहतायत. हे मागे पडले की अजून कोरडं होईल.” डोंगर मागे पडले आणि पुढचं आभाळ तव्याच्या बुडासारखं दिसू लागलं. ऋषिकेश म्हणाला ती सावली आहे. मग समोरून येणाऱ्या गाड्या ओल्या दिसायला लागल्या. तो म्हणाला धुतल्या असतील. ड्रायव्हरने वायपर सुरू केले तेव्हा मात्र ऋषिकेशने सूत्र आवरतं घेतलं. झाडाखाली एक हत्ती भिजत उभा होता, त्याच्याकडे पाहून जुईली म्हणाली, “बाबा, हे तर डोंगराच्या पलीकडे जास्त पडतंय.” उत्कर्षाने टोपी काढून मांडीवर ठेवली. बोलली काहीच नाही, आणि ऋषिकेश मनातल्या मनात विनवत होता की बाई, काहीतरी बोल, शिव्या दे, पण बोल.

हॉटेलच्या फाटकात सेल्वराजा छत्री धरून उभे होते. “आलात?” ते म्हणाले. “मला वाटलं नाही येणार.” मागे समुद्र होता, म्हणजे असावा. चहासारखा तपकिरी, लाल बावटा लावलेला, आणि त्याचा आवाज असा की शेजारचं बोलणं ऐकू येईना. वाळूवरच्या खुर्च्या उलट्या करून एकीवर एक बांधून ठेवल्या होत्या. पाहुणे नाहीत म्हणून आचारी गावी गेलेला.

“वादळ आहे का?” ऋषिकेशने आशेने विचारलं. वादळ असतं तर निदान दोष देवाला देता आला असता.

“नाही हो. नेहमीचा पाऊस. आमचा पावसाळा आहे हा.”

“पण पूर्वेला पाऊस नसतो!”

“जुलैत नसतो,” सेल्वराजा समजुतीने म्हणाले. “वारा फिरतो ना साहेब. जुलैत तो तुमच्या बाजूने येतो, तेव्हा आमच्या पुढे डोंगर असतात. आता तो बंगालच्या बाजूने येतोय. आता पुढे आम्ही आणि डोंगर मागे.”

“म्हणजे आत्ता आपण ताम्हिणी घाटात आहोत,” जुईलीने खुलासा केला, “आणि विमान उतरलं ते दौंड होतं.”

इतका सोपा हिशोब. ज्या माणसाला विचारायचं तो फोनवर होता, पण ऋषिकेशने आख्खं मुळशी विचारून पाहिलं आणि त्या बिचाऱ्याला फक्त तारखा सांगितल्या. हे त्याला त्या क्षणी कळलं, पण राग मात्र हैबतरावांचा आला. त्याने पावसातच फोन लावला. “हैबतराव, तुम्ही म्हणाला होतात उगवतीला पाऊस नसतो!”

“मंग न्हाईच की!” हैबतराव म्हणाले. “हितं काय झ्याक ऊन पडलंय!”

“अहो, मी श्रीलंकेत आहे!”

“तितलं मला काय ठावं, सायेब? मी काय लंकेत जाऊन आलोय व्हय? मी आपल्या मुळशीचं सांगत हुतो.”

फोन ठेवला तेव्हा ऋषिकेशला कुणीतरी भर बाजारात आपला सदरा उतरवल्यासारखं वाटलं. त्याने धडाधड पश्चिमेकडच्या हॉटेलांना फोन लावले. नाताळ. सगळीकडे जागा भरलेल्या. जिथे वाळू कोरडी होती तिथे पाय ठेवायला जागा नव्हती आणि इथे आख्खा किनारा त्यांच्या एकट्यांचा होता.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. रेनकोट नांद्यात सोफ्यावर होते, म्हणून सेल्वराजांनी कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांना भोकं पाडून दिली. त्या घालून सोनटक्के कुटुंब जेवणाच्या खोलीत जायचं. जुईलीला ते फार आवडलं. ती आणि सेल्वराजांची नात दिवसभर कॅरम खेळायच्या. खोलीत सेल्वराजांच्या बायकोने दोऱ्या बांधून दिल्या आणि उत्कर्षा त्यांच्यावर ओले कपडे टाकायला लागली. ऋषिकेश मदतीला गेला तर तिने चिमटे त्याच्या हातात दिले आणि पाठ वळवली. आसमाने व्हिडिओ कॉल केला. ती गच्चीवर होती, मागे निळंशार आभाळ, शेजारच्यांनी गाद्या उन्हात टाकलेल्या. “कसं आहे ऊन?” तिने विचारलं. उत्कर्षाने फोन खिडकीकडे वळवला. आसमाला हसू आवरेना आणि मग तिला वाईटही वाटलं.

एका दुपारी पाऊस थांबला. ढग फाटले आणि पांढरं ऊन समुद्रावर आलं. उत्कर्षा पलंगावरची चादर ओढून अनवाणी धावत सुटली, मागे वळूनही न बघता. लग्नापासून इतकी वर्षं ऋषिकेशने तिला असं धावताना पाहिलं नव्हतं. त्यानेही धावायला हवं होतं. पण तो ओरडला, “थांब, थांब! मोबाईलवर बघतो किती वेळ आहे ते!” नेट हळू होतं. चक्र फिरत राहिलं. शेवटी मोबाईलने सांगितलं की पाऊस सुरू आहे, आणि त्याने मान वर करून पाहिलं तर खरंच सुरू होता. उत्कर्षा भिजलेली चादर पिळत परत येत होती. वाळू ओलीच होती, ती म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि ते ऐकून त्याचे डोळे भरून आले. त्याला पहिल्यांदा स्वतःची खरीखुरी चीड आली.

निघायच्या सकाळी तो बॅगा बांधून बाहेर आला, तर उत्कर्षा सेल्वराजांच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसलेली. स्वतःच्या इंग्रजीत, जालन्याच्या ठसक्यात, बोटाने टेबलावर ठोकत विचारत होती, “इथे पाऊस कधी नसतो? तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगा.”

“जुलै, ताई,” सेल्वराजा म्हणाले. “मी इथेच जन्मलो. जुलैत ही वाळू पायाला चटके देते.”

ऋषिकेशच्या अंगात एकदम बळ आलं. “बघ! मी पहिल्यापासून जुलैच म्हणत होतो! माझा मूळ प्लॅन बरोबरच होता.”

उत्कर्षाने त्याच्याकडे पाहिलं नाही. “पुढच्या जुलैचं लिहा,” ती सेल्वराजांना म्हणाली.

“किती माणसं?”

“तीन.”

तीन! ऋषिकेशचा जीव भांड्यात पडला. म्हणजे रागावली होती, पण मोजताना आपल्याला वगळलं नाही. एवढा पाऊस झाला, एवढं सगळं झालं, तरी शेवटी बायको ती बायको. त्याला इतका उमाळा आला की तो पुढे होऊन म्हणाला, “नावं मी सांगतो. ऋषिकेश सोनटक्के...”

“उत्कर्षा सोनटक्के,” त्याला मध्येच तोडत ती म्हणाली. “जुईली सोनटक्के. आणि आसमा अत्तार. दुकान दोन आठवडे तिचा नवरा बघणार आहे, कालच ठरलंय.”

सेल्वराजांनी तिन्ही नावं लिहिली. मग भला माणूस, त्याला राहवलं नाही. “आणि साहेब?”

“आणि मी?” ऋषिकेशनेही विचारलं.

उत्कर्षा उठली, तिने पर्स खांद्याला लावली आणि त्याच्या हातातली बॅग स्वतःच्या हातात घेतली.

“तुमची काही घाई नाही,” ती म्हणाली. “तुम्ही आधी सोसायटीत सगळ्यांना नीट विचारून घ्या.”